न घेतलेला सोफा

टोलीडो शहरात नदीच्या पूर्वेला, काचकारखान्यामागच्या गल्ल्यांत ओडेसा टिलरीने एकतीस वर्षं टपाल वाटलं. सातशे बारा दारं तिच्याकडे होती. कुठल्या पेटीचं झाकण बोट चावतं, कुठली पायरी सैल आहे, कुठला कुत्रा नुसताच बोंबलतो आणि कुठला आवाज न करता पोटरी धरतो, हे तिने झोपेतून उठवून विचारलं असतं तरी दारांच्या क्रमाने सांगितलं असतं. आणि एक गोष्ट ती कुणी न विचारताही सांगायची, "माझ्या हातून एक पाकीट चुकीच्या दारात पडलेलं नाही."

"आणि शहाऐंशी सालचं?" तिची धाकटी बहीण लुव्हीनिया लगेच म्हणायची.

"त्यावर पत्ताच चुकीचा होता. लिहिणाऱ्याचं पाप माझ्या पदरात घालू नकोस."

"मी कुठे काय म्हणाले? मी नुसतं साल सांगितलं."

दोघी बहिणी भाड्याच्या एका घरात राहत. लुव्हीनिया शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या मते ओडेसाच्या गणवेशाला इस्त्रीची गरजच नव्हती, आत उभ्या असलेल्या बाईच्या ताठ्यानेच तो सरळ राहायचा.

पण तो ताठा कमावलेला होता. त्यांची आई अलाबामातून दोन मुली आणि एक ट्रंक घेऊन टोलीडोला आली आणि हॉटेलातल्या खोल्या झाडून तिने दोघींना वाढवलं. ओडेसानेही त्याच हॉटेलात चार वर्षं चादरी बदलल्या. मग बाहत्तर साली पोस्टाची परीक्षा निघाली. शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसं बसलेली, त्यांत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. डावीकडे एक पत्ता, उजवीकडे एक पत्ता, दोन्ही अगदी सारखे आहेत की कुठे फरक आहे, एवढंच सांगायचं होतं. वाचायला सोपं, पण जोड्या शंभराच्या आसपास आणि वेळ सहाच मिनिटं. शेजारचा माणूस अर्ध्यावर पेन्सिल टाकून कपाळ चोळायला लागला. ओडेसाने सगळ्या जोड्या संपवल्या आणि एकही चुकली नाही.

पहिल्या दिवशी बड क्रिल नावाच्या जुन्या पोस्टमनने तिच्या खांद्याला पिशवी अडकवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन आठवडे टिकेल. पाच डॉलरची पैज." सहा वर्षांनी त्याचे गुडघे गेले आणि तो आत टेबलावर बसला. त्याच्या वाट्याची निम्मी दारं ओडेसाने घेतली. पैजेचे पाच डॉलर मात्र तिने पहिल्या महिन्यातच वसूल केले होते.

तिचा नवरा रॉस्को एकोणनव्वद साली गेला. इस्पितळाचं बिल मागे राहिलं. तिने दर महिन्याच्या पाच तारखेला थोडे थोडे करत सहा वर्षांत ते फेडलं. एकही पाच तारीख चुकवली नाही. लोक म्हणायचे, इस्पितळवाले अशी बिलं माफही करतात, एकदा अर्ज तर कर. ती म्हणायची, "त्यांनी त्याची उशी दिवसातून दोनदा बदलली. मी अर्ज कशाला करू?"

दोन हजार तीनच्या जून महिन्यात एका सकाळी मिसेस बोडनारने तिला पेटीपाशीच अडवलं. इर्मा बोडनार ही हंगेरीकडची म्हातारी, कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरात एकटी राहायची आणि मागच्या अंगणात लांबट मिरच्या लावायची. वीस वर्षं दोघींचं बोलणं पेटीच्या झाकणाएवढंच: आज ऊन आहे, आज वारा आहे. त्या दिवशी म्हातारी म्हणाली, "ओडेसा, मी ऑक्टोबरच्या शेवटी मुलीकडे चालले, ॲरिझोनाला. हे घर तू घे."

"मी?"

"तू पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मग काय, भाड्याच्या खिडकीत बसून दुसऱ्याच्या पोस्टमनच्या चुका काढणार? बासष्ट हजार. परक्याला सत्तर सांगणार आहे."

ओडेसाने टपालाची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. आयुष्यात स्वतःचं छप्पर तिच्या आईला मिळालं नव्हतं, आजीला तर नव्हतंच. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या वीजबिलाचं पाकीट आहे," आणि पुढच्या दाराकडे गेली. पण त्या दिवशी तिने सातशे बारा दारं नेहमीपेक्षा अर्धा तास आधी संपवली.

पोस्टातल्या लोकांची स्वतःची पतपेढी होती. त्र्याहत्तर सालापासून ओडेसाच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे तिथे जमा होत, आणि गरजेला घेतलेली छोटी कर्जंही तिने तिथेच वेळेवर फेडली होती. कर्जाचं काम पाहणारे मिस्टर गोर्स्की तिला नावाने ओळखत. तिने अर्ज भरला, आठवड्याने इस्त्रीचा पोशाख घालून गेली, आणि त्यांनी दार लावून घेतलं तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"बसा ना, मिसेस टिलरी."

"बसलेच आहे."

त्यांनी एक कागद तिच्याकडे फिरवला. माणसाच्या कर्ज-उधारीचा लेखाजोखा ठेवणाऱ्या कंपन्या तीन, आणि तिघींच्या कागदांवर जवळपास तेच होतं. "हे बघा, फर्निचरच्या दुकानाचे तीन हजार एकशे चाळीस डॉलर. एक सोफासेट. पैसे आलेच नाहीत म्हणून बुडीत दाखवलेत. ही एक गाडी, हप्ते थकले म्हणून कंपनीने ओढून नेली. आणि हे एका डॉक्टरचं बिल, वसुलीला दिलेलं."

"मिस्टर गोर्स्की, मी नोकरीवर पायी जाते, नोकरी पायी करते आणि घरी पायी येते. मला गाडी कशाला?"

"मला ठाऊक आहे. पण माझ्या ठाऊक असण्यावर कर्ज मंजूर होत नाही. कागदावर होतं." त्यांचा आवाज खाली आला. "पुष्कळ लोकांवर अडचणीची वेळ येते, मिसेस टिलरी. त्यात लाज वाटण्यासारखं काही…"

"माझ्यावर आली होती," ओडेसा म्हणाली. "मी ती फेडली. हे माझं नाही."

बाहेर काउंटरवर बड क्रिलची भाची बसलेली होती. तिने हसून हात हलवला. ओडेसानेही हलवला. बाहेरच्या दारापर्यंत तिची चाल सरळ होती. पण फाटकापाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की हातातल्या कागदाची घडी घालून घालून आपण तो काडेपेटीएवढा केलाय.

"भर आणि मोकळी हो," रात्रीच्या जेवणाला घेवड्याच्या शेंगा आणि मक्याचा पाव वाढताना लुव्हीनिया म्हणाली. "तीन हजार. तुझ्याकडे आहेत. घर तर मिळेल."

"मी न बसलेल्या सोफ्याचे पैसे भरू?"

"डेसी, मी तुला बहीण म्हणून सांगते…"

"भरले की तो माझा होतो. मग जन्मभर कागदावर राहणार की या बाईने सोफा घेतला, बुडवला, आणि रेटलं तेव्हा पैसे भरले. शेंगा दे."

मोठ्या रस्त्यावर एका दुकानाबाहेर पाटी होती: चारशे डॉलरमध्ये तुमचा रिपोर्ट साफ. लुव्हीनिया स्वतः जाऊन चौकशी करून आली. तिथला माणूस म्हणे, कागदावरची प्रत्येक ओळ खोटी आहे असं आम्ही एकदम कळवून टाकतो. ओडेसा म्हणाली, "प्रत्येक ओळ? पतपेढीची तीस वर्षंही? मी खोटं बोलून खरं ठरू?" आणि विषय संपला.

कर्ज नाकारलं की अहवालाची प्रत कंपन्यांनी फुकट द्यावी लागते, हे गोर्स्कींनी तिला सांगितलं होतं. प्रती आल्या. तिने तिन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली, वळणदार अक्षरात, या तीन नोंदी माझ्या नाहीत, कृपया काढाव्यात. पोस्टाच्या खिडकीवर स्वतः रांगेत उभं राहून पत्रं रजिस्टर केली आणि हिरवी पोचपावती लावली. खिडकीवरची बाई म्हणाली, "मिस ओडेसा, तुम्ही आत येऊन टाका ना." ती म्हणाली, "आज मी गिऱ्हाईक आहे."

महिना उलटला आणि ऑगस्टच्या मध्यावर तिघींची उत्तरं आली. तिन्ही पाकिटं ओडेसाच्याच पोस्टात, तिच्या घराकडचं टपाल लावतात त्या शेजारच्या फडताळात पडली होती. ती तिने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच फोडली. तिन्ही पत्रांत अर्थ एकच: तपासून पाहिलं, नोंदी बरोबर आहेत.

तिने फोन लावला. एक दाबा, चार दाबा, वाट पाहा. चाळीस मिनिटांनी एक तरुण आवाज आला.

"मॅम, नोंद पडताळून पाहिलेली आहे."

"कशी पाहिलीत?"

"ज्यांचे पैसे आहेत त्यांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर."

"म्हणजे, पत्र चुकीच्या दारात टाकलं का, असं तुम्ही टाकणाऱ्यालाच विचारलंत. दार कुणाचं ते बघायला कुणी गेलंच नाही."

"मॅम, आम्ही कुठे जात नाही."

"ते दिसतंच आहे," ओडेसा म्हणाली आणि फोन ठेवला.

मिसेस बोडनारच्या अंगणात त्या आठवड्यात एक पाहुणा येऊन गेला. जावयाने आणलेला, सत्तर हजार रोख द्यायला तयार. म्हातारीने ओडेसाला लपवाछपवी न करता सांगितलं. "माझं वय ब्याऐंशी. ऑक्टोबर संपला की मला विमानात बसवतील. तोपर्यंत मी बहिरी आहे, जावयाचं मला ऐकू येत नाही. पण एक नोव्हेंबरला ऐकू यायला लागेल."

"एवढे दिवस पुरेत," ओडेसा म्हणाली. पुरतील की नाही हे तिला माहीत नव्हतं.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने हॅट काढली, चष्मा पुसला आणि तिन्ही अहवाल स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. आतापर्यंत ती रागाने वाचत होती, आणि रागाने वाचणाऱ्याला फक्त रक्कम दिसते. त्या दिवशी तिने पोस्टात रोज सकाळी टपाल लावताना वाचतात तसं वाचलं: आधी नाव, मग घर नंबर, मग रस्ता.

नावापाशीच ती थांबली. अहवालाच्या वर ओडेसा एम. टिलरी असं होतं. खाली, 'या नावानेही ओळखल्या जातात' अशा बारीक ओळीत, ओडेटा एम. टिलरी. पत्त्यांच्या यादीत तिची दोन घरं होती, आणि तिसरं होतं: ९१८, हिकरी स्ट्रीट, टोलीडो.

"लुव्ही," ती म्हणाली, "तुझ्या गाडीची किल्ली घे."

"कुठे?"

"हिकरी स्ट्रीटला."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. तेच बघायचंय."

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत ओडेसाने रजेवर गेलेल्या प्रत्येक पोस्टमनची दारं सांभाळली होती. हिकरी स्ट्रीट छोटा, कसाबसा दोन चौक लांब. आठशे चाळीसपाशी संपायचा, आणि पुढे रेल्वेचा बांध. बहिणी गाडीतून उतरल्या तेव्हाही तो तिथेच होता, गवताने भरलेला, वर मालगाडीचे डबे उभे. नऊशे अठरा नंबर असता तर रुळांच्या मधोमध असता.

लुव्हीनियाने बांधाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "सोफा ठेवायला जागा बरी आहे," ती म्हणाली. त्या महिन्यात ओडेसा पहिल्यांदा खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिच्या हाताशी पोस्टाची पुस्तकं होती, ही ओडेटा कुठल्या गावात कुठे राहते हे एका फोनवर तिला कुणीही सांगितलं असतं. तो फोन तिने केला नाही. लोकांचे पत्ते सरकारने तिच्यावर विश्वास टाकून दिले होते, स्वतःच्या कामासाठी नव्हे. ती सरळ जिल्ह्याच्या नकाशांच्या कार्यालयात गेली, जिथे कुणालाही जाता येतं. तिथल्या बाईने मोठा नकाशा उलगडला, बोट फिरवलं, आणि शिक्क्यासह लिहून दिलं की हिकरी स्ट्रीटवर नऊशे अठरा क्रमांकाची इमारत नाही आणि कार्यालयाच्या कागदोपत्री कधी नव्हती. दोन डॉलर फी घेतली.

"कशाला हवंय हो हे?" त्या बाईने विचारलं.

"मी तिथे राहते असं तीन कंपन्यांचं म्हणणं आहे."

मग तिने दुसरी पत्रं लिहिली. यावेळी कृपया नव्हतं. तिने लिहिलं: माझं नाव ओडेसा मे टिलरी. ओडेटा नावाची व्यक्ती मी नव्हे. तुम्ही पडताळलेल्या पत्त्यावर रेल्वेचा बांध आहे, सोबत जिल्ह्याचा दाखला. कुणी, कोणत्या तारखेला, काय पाहून ही पडताळणी केली ते मला लेखी कळवा, तसं विचारण्याचा कायद्याने मला हक्क आहे. सोबत तिने ओळखपत्राची प्रत, वीजबिल आणि पतपेढीचं तीस वर्षांचं पत्र जोडलं. फर्निचरच्या दुकानाला तिने वेगळं पत्र पाठवलं: ज्या अर्जावर माझी सही आहे म्हणता, तो अर्ज दाखवा.

दुकानाचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. कुणीतरी फार विचार न करता अर्जाची प्रतच पाठवून दिली होती. ओडेटा मरी टिलरी. जन्म एकसष्टचा. ९१८ हिकरी स्ट्रीट, पण गाव कँटन, तीन तासांच्या अंतरावरचं. सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळख क्रमांकाचे नऊ आकडे ओडेसाने स्वतःच्या आकड्यांखाली धरले. डावीकडे एक, उजवीकडे एक. आठ सारखे. सातवा तिचा तीन, त्या बाईचा आठ.

"सहा मिनिटांत शंभर जोड्या," ती स्वतःशी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की लुव्हीनियाने भांडी घासायची थांबवली. "लुव्ही, यांच्या मशीनला माझ्या परीक्षेला बसवलं असतं तर नापास झालं असतं."

त्या अर्जाची एक-एक प्रत तिन्ही कंपन्यांकडे गेली, दुसऱ्या बाईचे आकडे काळ्या शाईने झाकून, फक्त सातवा उघडा ठेवून. सप्टेंबरअखेर दोन कंपन्यांनी नोंदी काढल्या. माफी नाही, खुलासा नाही, नुसता नवा कागद. तिसरीने पुन्हा लिहिलं: तपासून पाहिलं, बरोबर आहे.

गोर्स्कींनी मान हलवली. "दोन साफ झाले, मिसेस टिलरी. पण वरच्यांना तिन्ही लागतात."

तारीख होती सहा ऑक्टोबर. ओडेसाने त्या रात्री पहिल्यांदाच लुव्हीनियाला विचारलं, "मी उगाच ताणतेय का?" लुव्हीनियाकडे टोमण्यांचा साठा कधी संपायचा नाही. पण त्या दिवशी ती खुर्ची ओढून समोर बसली. "आईला हॉटेलात चमचा चोरल्याचा आळ आला होता, आठवतं? तिने पगारातून चमच्याचे पैसे कापू दिले. घरी येऊन रडली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. तू ताण."

पुढचं पत्र ओडेसाने राज्याच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाला लिहिलं. तिथे अशा तक्रारी घेतात. सोबत सगळं: आधीची सगळी पत्रं, त्यांच्या पोचपावत्या तारखांच्या क्रमाने, जिल्ह्याचा दाखला, नकाशाची प्रत. त्याचीच प्रत तिसऱ्या कंपनीला. शेवटी तिने लिहिलं, "मी एकतीस वर्षं लोकांची पत्रं त्यांच्या दारात टाकते आहे. एखादं चुकलं तर मी ते परत घेऊन योग्य दारी नेते, कारण ते काम माझंच असतं. तुमचं काम तुम्ही कधी करणार, ते कळवा."

तेवीस ऑक्टोबरला गोर्स्कींचा फोन पोस्टात आला. वाटपाला निघायच्या वेळी तिला फोनवर बोलावलं तेव्हा सगळा हॉल ऐकत होता, कारण एव्हाना टिलरीबाईंचा सोफा सगळ्यांना माहीत होता.

"मिसेस टिलरी, तिसराही साफ. आणि एक सांगू? एवढा चांगला कागद मी या टेबलावर क्वचितच पाहिलाय."

"तो तीस वर्षं तसाच होता," ओडेसा म्हणाली. "त्यावर दुसऱ्याचं सामान ठेवलं होतं, एवढंच."

फोन ठेवल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "टाळ्या पुरे, दहा मिनिटं उशीर झालाय," आणि पिशवी उचलली. पण नाक्यावर वळेपर्यंत तिने डोळे दोनदा पुसले, आणि दोन्ही वेळा वाऱ्याला दोष दिला.

तीस तारखेला सह्या झाल्या. मिसेस बोडनारने चाव्या टेबलावर ठेवल्या आणि जावयाकडे बघून जोरात विचारलं, "काय म्हणालास? मला ऐकू येत नाही." ओडेसाने चौदा ठिकाणी सही केली, प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव, आणि प्रत्येक सहीआधी तो कागद वाचला. सह्या घेणाऱ्या वकिलाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

एक काम राहिलं होतं. दुकानाने चुकून पाठवलेला तो अर्ज तिच्या घरात पडलेला होता, दुसऱ्याच्या आकड्यांसकट. तिने तो पाकिटात घातला, कँटनचा पत्ता लिहिला, रजिस्टर केला, आणि सोबत चार ओळी: हे तुमचे कागद माझ्याकडे आले. परत करते आहे. काही विचारायचं असेल तर हा माझा फोन.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नव्या घरात खोकी अजून उघडायची होती तेव्हा, फोन वाजला.

"मॅम, तुम्ही खरंच ओडेसा टिलरी? मी… मी ओडेटा."

ओडेसा एका खोक्यावर बसली. "बोला."

पलीकडची बाई बेचाळीस वर्षांची, वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला. आधी ती नुसती माफी मागत राहिली. मग म्हणाली, "एक सांगायला हवं. सोफा घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, वा, तुमची पतपेढी त्र्याहत्तरपासून, एकही हप्ता चुकला नाही. मॅम, त्र्याहत्तरला मी बारा वर्षांची होते. मला कळलं की मशीनचं चुकतंय. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला वा म्हटलं होतं. मी गप्प बसले."

ओडेसाने फोन दुसऱ्या कानाला लावला. जन्मभर जपलेलं तिचं नाव तिच्या नकळत कँटनला जाऊन एका दुकानात ताठ उभं राहिलं होतं, आणि त्याच्या जोरावर एका अनोळखी बाईच्या घरात सामान आलं होतं.

"म्हणजे माझ्या नावावर तुम्हाला सोफा मिळाला," ती म्हणाली.

"सोफा, दोन खुर्च्या आणि मधलं टेबल."

"कसा होता?"

"निळा. दिसायला छान. बसायला तितकासा नाही. मग माझी नोकरी गेली, गाडीही गेली. दुकानाचे पैसे मी बुडवले, ते खोटं नाही."

"गप्प बसलात ते बरं नाही केलंत," ओडेसा म्हणाली.

"नाही केलं, मॅम."

"सोफ्याचे पैसे तुम्ही भराल, महिन्याला दहा का होईना. दुकानाला लिहून विचारा, ते घेतात. आणि ते डॉक्टरचं बिल काय आहे?"

"तेच तर. ते विम्याने कधीच भरलंय. तरी वसुलीवाले फोन करतात. मी किती वेळा सांगितलं."

"सांगितलं कसं, फोनवर?"

"हो."

"विम्याने भरल्याचा कागद आहे?"

"आहे. डब्यात आहे."

"मग डबा घेऊन या आणि पेन घ्या. मी थांबते."

त्या दिवशी दोन टिलरी दीड तास फोनवर होत्या. लुव्हीनियाने तेवढ्या वेळात स्वयंपाकघरातली सगळी खोकी एकटीने उघडली आणि बहिणीला ऐकू जाईल अशा बेताने प्रत्येक भांडं आपटून ठेवलं. जानेवारीत ओडेटाचं डॉक्टरचं बिल अहवालातून गेलं. तिने फोन करून ते सांगितलं तेव्हा तिचा आवाज असा होता की ओडेसाने फोन बाजूला धरून लुव्हीनियालाही ऐकवला.

निवृत्तीनंतर ओडेसाला घरात बसवेना. चर्चमधल्या कुणीतरी तिची गोष्ट ऐकली होती, त्याने आपल्या अहवालाचं पाकीट आणलं. मग त्याच्या मेहुणीने आणलं. शनिवारी सकाळी पिवळ्या घरातल्या टेबलाभोवती माणसं बसायला लागली: वडिलांच्या नावाचं कर्ज मुलाच्या माथी लागलेलं, घटस्फोटित नवऱ्याचं ट्रकचं देणं बायकोच्या कागदावर, एकदा तर फेडलेलं कर्ज सात वर्षं थकलेलं दाखवलेलं. ज्याचं देणं खरं निघायचं त्याला ती तोंडावर सांगायची, "हे तुझंच आहे. फेड." काहीजण रागावून उठून जात. बहुतेक परत येत. ज्याचं खोटं निघायचं त्याला ती स्वतःच्या हाताने पत्र लिहायला लावायची आणि शुद्धलेखन तपासायची.

एकदा एकाने जाताना वीस डॉलरची नोट टेबलावर ठेवली. ओडेसाने ती बोटाने त्याच्याकडे सरकवली.

"माझी फी नाही," ती म्हणाली. "पण पोचपावतीचं तिकीट तुझं तू आण. मी पोस्टात होते म्हणून तिकिटं फुकट मिळत नाहीत."